वर कळवायचं न्हाई

१८ ऑगस्ट
पोचले एकदाची. मी शेवगावची, एवढं हिरवं बघायची डोळ्यांना सवयच नाही. भंडारदऱ्याच्या पुढे एसटी वळणं घेत होती तेव्हा खिडकीतून डोकं आत घेतलं नाही. गावाचं नाव कौलदरा. भाताची खाचरं, थोडी घरं आणि वर ढगात शिरलेला डोंगर. ग्रामपंचायत अधिकारी म्हणून हे माझं पहिलंच गाव. सरपंच रंगनाथभाऊंनी चहा पाजला आणि बनुबाईंच्या घरातली पुढची खोली मिळवून दिली. बनुबाई एकट्याच असतात. फार बोलत नाहीत, पण विचारायच्या आधीच ताटात गरम नाचणीची भाकरी टाकली. खूश आहे मी.

१९ ऑगस्ट
पंचायतीची खोली झाडून घेतली. बाहेरच्या भिंतीवर एका जागी कुणीतरी शेण लिंपलं होतं. धुतल्यावर खाली निळी अक्षरं निघाली : आपत्ती कळवा. खाली एक नंबर. प्रशिक्षणात आम्हाला हेच तर घोकवलं. साथ येवो, दरड पडो, पूल जावो, लगेच वर कळवायचं. काही घडलं नसेल तर ‘निरंक’ कळवायचं, पण गप्प बसायचं नाही.
रंगनाथभाऊ आले. भिंतीकडे बघून म्हणाले, “हे परत लिंपून टाका, मॅडम. हितं काय झालं तर आमी बघतो. वर कळवायचं न्हाई.”
मी विषय बदलला. माणूस गोड आहे, पण काहीतरी दडवतोय.

२१ ऑगस्ट
भीमा आणि त्याची बायको गोजरबाई यांची लेक संस्कृती जुलाबांनी आडवी झालीय. दुपारपासून भीमाही. विहिरीच्या पाण्याला वास येतोय. रंगनाथभाऊ म्हणतात, सकाळी जीपनं दवाखान्यात नेतो, बोभाटा नको. साथ आली हे वर कळलं तर चौकशी लागेल, हीच भीती असणार. मी ऐकलं नाही.
गावात रेंज नाही, खिंडीत जावं लागतं. तरी पंचायतीतूनच भिंतीवरचा नंबर लावून पाहिला. लगेच उचलला. मऊ, शांत आवाज. कुणाचं घर, माणसं किती, सगळं विचारलं. तिघं आहेत, म्हटलं. मग दार कोणत्या अंगाला आहे, कोण कुठे झोपतं, तेही विचारलं. जरा विचित्र वाटलं, पण सांगितलं. पथक पाठवतो म्हणाला.

२२ ऑगस्ट
भीमाचं घर रिकामं आहे. दार सताड उघडं, चुलीवर पेज अजून कोमट. तीन अंथरुणं, तिन्हींवरची गोधडी गळ्यापर्यंत नीट ओढलेली. आत कुणी नाही.
पथक नेऊन गेलं असेल, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. पण गाडी कुणी पाहिली नाही आणि चिखलात चाकाची एकही खूण नाही.
रंगनाथभाऊ पायरीवर बसले. कुठल्या नंबरावर कळवलं, एवढंच विचारलं. सांगितल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तुमच्या आधीच्या साहेबांनीबी असंच केलं हुतं, म्हणाले. आता त्यो इचारत ऱ्हानार.
मला यांचा भरवसा वाटत नाही. आजारी माणसं यांनीच कुठेतरी हलवली असतील. उद्या तालुक्याला जाते.

२३ ऑगस्ट
तालुक्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षातल्या बाईंनी माझ्यासमोर नोंदी तपासल्या. कौलदऱ्यातून काहीच आलेलं नाही. पथक गेलेलं नाही. तो नंबर त्यांचा नाही. त्यांनी तिथूनच लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.
उद्या सकाळी पोलीस आणि डॉक्टर येतील म्हणाल्या. थांबा म्हणत होत्या. पण त्यांना घर दाखवायला गावात कुणीतरी हवं, म्हणून शेवटच्या एसटीनं परत आले. बनुबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं नाही.

२४ ऑगस्ट
घाटात दरड. पथक पलीकडेच अडकलं. खिंडीत जाऊन त्यांच्याशी फोनवर बोलले, उद्या संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होईल म्हणाले.
खाली आले तर गावभर फोन वाजत होते. रेंज नसताना. घराघरातून. कुणी उचलत नव्हतं. काहींनी विहिरीत टाकले — तिथूनही ऐकू येतंय.
रंगनाथभाऊंना विचारलं, थांबेल कधी. कुनीतरी कळवल्यावर, म्हणाले. मग माझ्याकडे बघून लगेच मान वळवली.

२५ ऑगस्ट, सकाळ
माझाही वाजला. उचलला. तोच आवाज. घरात माणसं किती — मी म्हटलं, निरंक. काही घडलेलं नाही, घरात कुणी नाही. तो म्हणाला, न कळवणं गुन्हा आहे, मॅडम. आणि ठेवला.

दुपार
पथक अजून दरडीपलीकडेच. घराबाहेर बायामाणसं उभी आहेत. नुसती उभी. बनुबाई त्यांच्यात होत्या, आत्ता आत आल्या —

सगळे फोन एकदम थांबले. विहिरीतलेही. फक्त माजघरात वाजतोय. बनुबाईंचा —

उचलला त्यांनी. हळू बोलतायत. “व्हय, साहेब. एकच हाय. भायेरची हाय.”

माजघराचं दार तिकडून लावलंय. ढकलतेय, उघडत —

“पुढच्या खोलीत. दार उगवतीला. न्हाई, झोपल्याली न्हाई. लिवतीया काईतरी.”

खिडकीबाहेरची माणसं बाजूला होतायत. वाट करून देतायत. कुणाला ते दिसत नाही, पण चिखलात —

उगवतीच्या दाराची कडी मी आतून घातली होती. ती आत्ता