बावन्न नंबरची ओ

२ मे २०१८, रामघाट

पोचले एकदाची! इटारसीहून निघताना पेटीत कपडे कमी आणि तारा जास्त. स्टेशनवर हमालाने विचारलं, माताजी, रेडियो की दुकान उठा लाई हैं क्या. कालिंदीवहिनींनी खाटेवरूनच माझा चेहरा चाचपला आणि म्हणाल्या, नंदा, अजून तश्शीच वाळकी शेंग गं तू.

छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात लोकांच्या लाइनी जोडल्या. निवृत्तीनंतर पुस्तकं उघडून नि बोटं भाजून घेऊन हे इलेक्ट्रॉनिक्स नव्याने शिकले. आता ते वहिनींच्या कामी येईल. त्यांची नजर गेली, आता पायही गेलेत, खोली तळाची, खालच्या दारापासून गंगेच्या घाटापर्यंत सात पायऱ्या. गेल्या भाद्रपदात पाणी गादीला लागलं, तेव्हा शेजारच्या विष्णुभटांनी त्यांना खांद्यावर घेऊन काढलं. पाणी चढू लागलं की वाजेल असा भोंगा पावसाच्या आत बसवायचाच.

वरच्या मजल्यावर त्या जात नाहीत. माझा ढुंढिराजदादा अठ्ठ्याहत्तरच्या पुरात याच दारातून वाहून गेला, सापडला नाही; त्या इथेच त्याची वाट बघतात. अशा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. वहिनींनी करू दिलं नाही. कुंकू अजून ठसठशीत.

४ मे

यंत्र मांडलं. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटभर संगणक, आणि त्याच्या दोनच तारांवर सगळी बिऱ्हाडं: एक तार डेटाची, एक तालाची. कंट्रोलर नंबर घेऊन हाक मारतो. ज्याचा नंबर, तो क्षणभर डेटाची तार खाली ओढतो, म्हणजे तिच्यातली वीज पाडतो. तीच त्याची ओ. आकडे दाखवणारा पडदा एकोणचाळीस, घड्याळ एकशेचार, पायरीवरचा पाण्याचा सेन्सर एकशेअठरा.

सेन्सर मुका. तार लांब, म्हणून ओ पोचेना. ताल संथ केला, रेझिस्टर बदलले, आणि बोलला की लबाड! वहिनींनी आपल्या वाटणीचा पेढा मला दिला.

५ मे

खात्रीसाठी सगळ्या नंबरांना ओळीने हाका मारल्या. तिघांनी ओ द्यायची, चौघांनी दिली. बावन्न. तिथे मी काही जोडलेलंच नाही.

पडदा काढला, घड्याळ काढलं, सेन्सर काढला. बावन्न आहेच. शेवटी दोन्ही तारा मुळाशी कापल्या. तरी लॅपटॉपवर ओ आली.

वहिनींना हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुझा दादाच गं.

७ मे

तारा पुन्हा जोडल्या. बावन्नकडून आकडा वाचला. सात.

गंगा पार खाली गेलेली, ऊन असं की पापड भाजावा. आणि आमची सगळ्यात खालची पायरी ओली. पुसली. पुन्हा ओली.

८ मे

सहा. दोन पायऱ्या ओल्या.

९ मे

पाच. वहिनींनी हट्ट धरला, म्हणून पडद्यावर बावन्नच्या पुढे ‘दादा’ असं नाव घातलं. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी खालच्या दाराचा अडसर काढायला लावला. काढला.

विष्णुभट कडाडले. नंदाताई, तर्पणात भी नाम-गोत्र लेकर पुकारते हैं, आणि तुम्ही रिकाम्या नंबरांना हाका मारत सुटलात! मी म्हटलं, भटजी, तुमचा नंबर यायला अवकाश आहे.

११ मे

तीन. वहिनींच्या डाव्या मनगटावर ओले वळ. दुपारच्या झोपेत हे हात धरतात, म्हणाल्या. लाजल्यासुद्धा.

मी वळ मोजले. पाच.

दादाची डावी करंगळी लहानपणीच नावेच्या साखळीत गेली. दोन्ही हातांना मिळून नऊच बोटं; त्याच्या डाव्या हाताचे वळ चारच हवेत, हे वहिनींना आंधळेपणानेही कळावं. मी विचारलं, कुठला हात. त्या म्हणाल्या, कधी हा, कधी तो, आज डावा. मग स्वतः चाचपून मोजलं. दोनदा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, मला वर ने.

एक्स्चेंजातला पहिला धडा: लाइनवर कुणी बोललं की आधी विचारायचं, कोण बोलतंय. ओ म्हणजे कुणीतरी आहे, एवढंच. कोण, ते ओ सांगत नाही. हे मी विसरले. आणि दार उघडून दिलं.

१२ मे

दोन. दार फुगलंय, लागत नाही. विष्णुभट आणि काशीनाथ नाववाला वहिनींना उचलायला आले. अंग उचललं. मनगट गादीवरून हलेना. काशीनाथ म्हणाला, अम्मा को कोई पकड़े है — आणि चपला टाकून गेला.

मी नाही जाणार.

१३ मे

एक. पॉवर काढली. पडदा तरी पेटलेला. त्यावर ‘दादा’ — ते नाव पुसलं. मोठ्याने सांगितलं, तू माझा दादा नाहीस, या घरात तुझा नंबर नाही. पुन्हा उमटलं. पुन्हा पुसलं. सतरा वेळा. मला वेळ आहे, बाबा.

१४ मे, भर दुपार

शून्य. पाणी उंबऱ्यावर. विष्णुभट माणसं आणायला धावलेत.

बावन्नने डेटाची तार खालीच ओढून धरलीय. सोडत नाही. वहिनींचं मनगटही —

याला उपाय आहे. तार अडकवून बसणाऱ्याला तालाचे नऊ ठोके द्यायचे. नवव्याला सोडावंच लागतं. तालाच्या तारेवर बटण जोडलंय. उजवा हात त्यावर, डाव्याने लिहितेय — मी कितव्या ठोक्यापर्यंत आले ते भटजींना कळावं.

एक. दोन. वहिनी रामरक्षा म्हणतायत, मी शिव्या देतेय.

तीन. चार. पाणी खाटेखाली.

पाच — एक बोट सुटलं!

सहा. दुसरं.

सात —

आठ. अंगठा राहिलाय. वहिनी, ओढा हात — माझ्या घोट्याला गार — धर! धर कुणाला धरायचंय ते, बटण माझ्या हाता