दोन मोठ्यांचं तिकीट

७ मार्च, शनिवार

शार्काचा डावा कान सुजलाय. निळा पडलाय. म्हणे, "कपाटाचं दार लागलं, आई." सुनेला काय वाटतं, सासू आंधळी आहे? हेच कपाट माझ्याही घरात होतं — एकवीस वर्षं. नवरा मेला तेव्हा त्याचं दार एकदाचं बंद झालं. आता मुलाच्या घरात उघडलंय.

माझा राडिम शुक्रवारी पितो आणि शनिवारी मारतो. शुक्रवारी फक्त झोपतो. शनिवारी सकाळी डोकं ठणकतं, मुली हसतात, पेला वाजतो, आणि मग सुरू. म्हणजे शनिवारी घरात कुणी नसलं तर?

८ मार्च, रविवार

सापडलं! वीकेंडचं ग्रुप तिकीट. दोन मोठे, तीन लहान, एक दिवस, अख्ख्या देशात कुठेही. एकतीस वर्षं ब्रनो स्टेशनच्या खिडकीत बसून ते लोकांना विकलं. स्वतः एकदाही काढलं नाही.

शार्का, मी, नऊ वर्षांची आनेश्का, पाच वर्षांची युल्का. सकाळी सातला बाहेर, रात्री आठला परत. जिथे जाऊ तिथल्या किल्ल्याच्या आत जायचं नाही, आत पैसे पडतात, अंगणात बसायचं. जेवण घरचं — पावात रीझेक म्हणजे मांसाचे तळलेले काप, काकडीचं लोणचं, थर्मासमध्ये चहा. हॉटेलात पाय ठेवायचा नाही. पाऊस आला तर वेटिंग रूम, ती गरम असते आणि फुकट.

राडिमला सांगितलं. "जा की. मला झोपू द्या म्हणजे झालं." एवढं सोपं होतं होय?

१४ मार्च, शनिवार

तेल्च गावी गेलो. चौकात बसून रीझेक खाल्ले. आनेश्काला मी नवी वही दिली आहे. जिथे जाऊ तिथल्या तिकीट खिडकीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. लहानपणी आम्हीही घ्यायचो. शिक्का नाही तर तू तिथे गेलीच नाहीस, असं मी तिला बजावलं. तिने आज तीन स्टेशनांचे घेतले. गाडी बदलताना धावत जाऊन!

येताना मात्र एक झालं. डब्यात उकडत होतं. कंडक्टरने खिडकी खाली ओढायला हात वर केला. समोर बसलेल्या युल्काने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि मान गुडघ्यांत घातली. आवाज नाही, रडणं नाही. सवयीनं. कंडक्टर हात वर धरून तसाच उभा. समोरची बाई खिडकीबाहेर बघायला लागली. शार्का लाल झाली आणि म्हणाली, "झोप आलीय तिला."

मला त्या क्षणी राडिमचे दोन्ही हात कोपरापासून तोडावेसे वाटले. माझ्याच पोटचे हात.

१५ मार्च, रविवार

त्याच्याशी बोलायला गेले. काय मिळवलं? सुपाचं भांडं भिंतीवर. गरम सूप माझ्या पायांवर.

"आई, तू मध्ये पडू नकोस. बाबांनी तुला कमी मारलं, म्हणून तुझी जीभ एवढी चालते."

त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली नाही. पायाला लोणी लावलं आणि घरी आले. आपलेच दात, आपलेच ओठ.

२८ मार्च, शनिवार

शनिवार मोकळा ठेवला तर तो रविवारी मारतो. हे मला आधी सुचायला हवं होतं. आज शार्काने ओलोमौत्सच्या गाडीत बाही वर केली आणि दाखवलं. दंडावर बोटांचे पाच ठसे. मोजता येतील असे. मी बाही खाली ओढली. मुली पत्ते खेळत होत्या.

तिथे एक बाई भेटणार होती. मार खाणाऱ्या बायकांसाठी घर चालवते. फोन मी केला होता. शार्काला गाडी सुटल्यावर सांगितलं, नाहीतर ती आलीच नसती. बाईने कॉफी दिली आणि सरळ विचारलं, "तो जीव घेईल असं वाटतं का?" शार्का म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "हो." दोघी एकदमच बोललो.

तिच्या घरातली एक खोली १६ मेला रिकामी होणार. तोवर सात शनिवार.

६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सण! पुरुष वेताच्या वेणीने बायकांना फटके देतात, बायका त्यांना रंगवलेली अंडी देतात. हलके फटके. वर्षभर बाई टवटवीत राहते म्हणे. आज राडिमने मोजून वीस मारले. शेजारचा त्सिरिल दारात उभा राहून हसत होता — "अरे, पुरे की, फारच टवटवीत होईल बिचारी!" शार्कासुद्धा हसत होती. हसतच होती. मग तिच्या पोटऱ्यांवर रक्त दिसलं. त्सिरिलने ग्लास संपवला आणि घरी गेला.

वर्षातून एक दिवस सगळ्यांदेखत मारता येतं, आणि वर अंडं मिळतं. अंडं शार्काने दिलं. निळं, पांढऱ्या नक्षीचं. आनेश्काने रंगवलेलं.

१८ एप्रिल, शनिवार

ओलोमौत्स. राडिमला दर खेपेला मिकुलोव गावाचं नाव सांगते. या तिकिटाची हीच गंमत आहे, त्यावर गावाचं नाव नसतं.

बॅग न्यायची नाही, त्याला वास येईल. म्हणून दर खेपेला थोडं थोडं. शार्का दोन स्वेटर एकावर एक घालते, एक तिथे ठेवते. मुलींचे दाखले मी रीझेकच्या डब्याखाली कागदात गुंडाळून नेले. सगळं माझी जुनी मैत्रीण व्लास्ता हिच्याकडे. ती तिथल्या तिकीट खिडकीत अजून नोकरीला आहे. म्हणाली, "ड्राहुश, तू तर घर चमच्या-चमच्याने हलवते आहेस." मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी मी हसले.

३ मे, रविवार

माझी चूक. माझी. माझी.

जेवण चाललं होतं. राडिम खुशीत होता, सहलींचं कौतुक करत होता. आनेश्काला म्हणाला, "दाखव की तुझी वही." पोरीने आनंदाने दाखवली. बाप कधी बघत नाही ना!

ओलोमौत्स. ओलोमौत्स. ओलोमौत्स. ओलोमौत्स. चार शनिवार, चार शिक्के, तारखेसकट. मिकुलोवचा एकही नाही.

मी खिडकीत एकतीस वर्षं बसलेली बाई! गाव लपवलं, तिकीट लपवलं, कपडे लपवले. आणि पोरीला शिक्के घेऊ दिले. शिक्क्याशिवाय प्रवास झाला असं मला वाटतच नाही. माझं लक्षच गेलं नाही. पोर व्लास्ताच्या खिडकीवर टाचा उंचावून उभी राहायची, व्लास्ता शिक्का मारायची, आणि मी कौतुकाने बघायचे.

राडिमने वही मिटली. मुलींना म्हणाला, "खोलीत जा." मग शार्काला, अगदी हळू — "कोण आहे ओलोमौत्समध्ये?"

मी म्हटलं, "माझी मैत्रीण आहे, व्लास्ता. फुकट कॉफी देते." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शार्काचा हात टेबलावर होता. त्याने तो धरला आणि टेबलाच्या काठावर आपटला. एकदा. पुन्हा. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज आला. मी त्याच्या पाठीवर बुक्के मारत होते. त्याला लागतही नव्हते. दाराआडून आनेश्का ओरडत होती — "मी फाडते वही, बाबा, मी फाडते."

४ मे, सोमवार

हॉस्पिटलात शार्का म्हणाली, जिन्यावरून पडले. मुली त्याच्याजवळ होत्या, दुसरं काय म्हणणार?

पोलीस मलाही विचारायला आला. तरुण, सभ्य. "तुम्ही तिथे होतात. काय पाहिलंत?" मी तोंड उघडलं. सांगायचं होतं. तोंडातून आलं — "तळघराचा जिना. दिवा गेला होता." त्याने लिहून घेतलं. मी सही केली. शार्का कॉटवरून माझ्याकडे बघत होती.

का? मला माहीत नाही. तिने खोटं बोलणं निराळं. मला कुणी मारणार नव्हतं. जीभच तशी वळली. एकवीस वर्षांची सवय, आणि डोळ्यांपुढे राडिमचा लहानपणचा चेहरा.

१२ मे, मंगळवार

शार्का घरी. हात प्लास्टरमध्ये. राडिम तिला सूप भरवतो, केस विंचरतो. ही वेळ मला ठाऊक आहे. मार खाण्यापेक्षा ही वाईट, हिच्यातच बाई विरघळते.

जिना उतरताना तिच्या कानात म्हटलं, "शनिवारी." ती म्हणाली, "हो." बास.

१६ मे, शनिवार

नाकात कापूस आहे, तोंडाने श्वास घेते आहे, तरी आजच लिहायला हवं.

राडिमला तेल्च सांगितलं होतं. सकाळी आम्ही बूट घालत होतो. राडिमही घालायला लागला. "आज मीही येतो. आणि तेल्च नको. ओलोमौत्सलाच जाऊ. बघू तरी ही मैत्रीण." मला वाटलं, संपलं.

फलाटावर गाडी लागलेली. शार्का आणि मुली चढल्या. मी पायरीवर पाय ठेवला तर त्याने मागून खांदा धरला. "आई, तिकीट दोन मोठ्यांचं आहे ना? तू नियमाची बाई. जा घरी." आणि हसला. बरोबरच होतं ते. मोठे दोनच. मी, नाहीतर तो.

तिकीट शार्काच्या हातात. गाडी सुटायला चार मिनिटं. तो खाली उभा राहून सिगारेट ओढत होता. मला त्याचा बाप माहीत आहे, म्हणजे तोही माहीत आहे. कुठे बोट ठेवलं की कळ उठते ते माहीत आहे. आयुष्यभर त्या जागा टाळत आले. आज एक एक करून दाबल्या.

म्हटलं, "तुझा बाप तरी पुरुष होता. तू काय? एका हाताच्या बाईवर पहारा ठेवणारा." तो म्हणाला, "आई, गप्प बस." म्हटलं, "मुली तुला काय म्हणतात माहीत आहे? काहीच नाही. तुझं नावच घेत नाहीत." "आई. लोक बघतायत." "बघू देत. सगळ्यांना कळू दे मी काय जन्माला घातलं." आणि एक सणसणीत मुस्काटात दिली. हो, पहिला हात माझा! त्याच्या सदतीस वर्षांत पहिलाच.

मग त्याचा. मुठीने. नाक फुटलं. खाली पडले, तर बरगडीत लाथ. दुसरी लाथ. कुणीतरी किंचाळलं. मी त्याच्या पायाला मिठी मारली. सोडला नाही. सामान ओढणारे दोघे धावत आले, त्याला खाली पाडलं. मला खालून चाकं दिसत होती. गार्डची शिट्टी झाली. चाकं फिरली.

खिडकीत कुणी होतं का, ते पाहता आलं नाही. डोळ्यांत रक्त होतं.

१८ मे, सोमवार

पोलिसांना सगळं सांगितलं. टेबलाचा काठही सांगितला. मागची सही खोटी होती, तेही सांगितलं. त्याला आत ठेवलंय. शेजारीण म्हणते, "पोटच्या पोराला तुरुंगात घातलंस, ड्राहुश?" मी दार लावून घेतलं.

२५ मे, सोमवार

आसरा देणाऱ्या त्या बाईचा फोन. ओलोमौत्स राडिमला माहीत झालं, म्हणून तिघींना दुसऱ्या गावी हलवलंय. मी पेन घेतलं, म्हटलं, "सांगा पत्ता." ती म्हणाली, "तुम्हाला देता येणार नाही. शार्कानेच नाही म्हटलंय."

माझं नाक मोडलं! दोन बरगड्या मोडल्या! माझ्या नाती आहेत त्या! सगळं तोंडावर बोलले. बाईने ऐकून घेतलं. मग शार्काचा निरोप वाचून दाखवला. "आईंना सांगा, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या पोलिसाला जिना म्हणाल्या होत्या. तो दारात रडत उभा राहिला तर त्या सांगतील."

फोन आपटला. कृतघ्न पोरगी! दिवसभर तेच डोक्यात. मी सांगेन? मी?

११ जून, गुरुवार

खटला होईपर्यंत राडिमला सोडलंय. दुपारी आला. दारात उभा राहून रडला. आत घेतलं, सूप वाढलं. बारीक झालाय. माझ्या नाकाला हळूच बोट लावलं आणि म्हणाला, "आई, कुठे आहेत त्या? एकदाच बघू दे."

माहीत नाही म्हटलं. माहीत असतं तर सांगितलं असतं.