पूर्ण नाव, पूर्ण पत्ता

इन्साफ मावशी,

बेकरीवाला सरकारी पीठ मागच्या दारानं विकतो, असं पत्र तू आमच्या दमियेत्ता शहरातल्या साप्ताहिकाला दिलंस. म्हणालीस, “बाळा, माझं नाव तेवढं गाळ रे.”

मी ऐटीत म्हणालो, “नाव-पत्त्याशिवाय आम्ही पत्र छापत नाही!” आणि गल्लीसकट छापलं.

आता तो बेकरीवाला तुला बघून ओरडतो, “या, पेपरवाल्या बाई! रोटी संपली!” तू नदीपलीकडून रोटी आणतेस.

तुझ्या पत्राखाली गव्हर्नरसाहेबांचं कौतुक करणारं हाजी रमझींचं पत्र होतं, पूर्ण पत्त्यासह. असा माणूसच नाही गं. जागा भरायला दर आठवड्याला ती पत्रं मीच लिहितो.

हे पत्र मात्र माझ्या खिशातच राहणार.

तुझा भाचा
(नाव गाळलं आहे)