तळाशी बसलेलं औषध

प्रिय बसवराज,

धाकटा भाऊ आहेस म्हणून 'प्रिय' लिहिलं. एरवी आज तुझ्यासाठी दुसरा शब्द सुचला असता.

सोमनाथ मेंढपाळाची ऋतुजा, तीन वर्षांची. तिचं फिटचं पातळ औषध कुठे मिळेना, म्हणून तू ते युसूफ वडगाव गावातल्या आपल्या मेडिकलमध्येच पावडरीपासून बनवायला घेतलंस आणि मला फोन केलास, "ताई, कडू हाय, पोरगी थुकती. लिंबाचं सिरप टाकू का?" मी निक्षून सांगितलं, आंबट काही टाकू नकोस, विरघळलेल्या औषधाचा साका होऊन तळाशी बसेल. साधा साखरेचा पाक घाल, बाटली उजेडात धरून बघ. तू हसलास. "लई पुस्तकं वाचलीस तू. दुकान मी चालवतो."

चालवतोस खरं, पानटपरी चालवावी तसं. लिंबाचंच सिरप ओतलंस. बाटली गढूळ झाली तर वर मोठं लेबल चिकटवलंस, आणि त्यावर 'हलवून घ्या' एवढंही लिहायचे कष्ट घेतले नाहीस.

अकरा दिवस तिच्या आजीने, बायडाबाईंनी, मापाने चमचा पाजला. वरचं नुसतं गोड पाणी. फिट थांबेनात. बाराव्या दिवशी म्हातारीने बाटलीत पाणी घालून तळ विसळला आणि पाजला, कारण औषध टाकून देणं तिला पाप वाटतं. सगळं औषध एका घोटात गेलं. पोरगी झोपली ती उठेना. सोमनाथने टेम्पोतून मांजरसुंब्यावरून बीडला आणली तेव्हा ओठ निळे पडले होते.

आणि दवाखान्याच्या दारात तू काय बोललास? "म्हातारीनं जास्त पाजलं, तिला काय कळतंय!" चुकीपेक्षा मला याची किळस जास्त आली. बायडाबाई तीन दिवस न जेवता पायरीवर बसून होत्या. मला म्हणाल्या, "म्याच मारलं बगा लेकराला."

चौथ्या दिवशी ऋतुजाने डोळे उघडले. मग मी बायडाबाईंना बाटली दाखवून सगळं समजावलं. त्या रडल्या नाहीत. "मंग त्यो असं काहून बोलला?" एवढंच विचारलं.

आता पत्र कशासाठी ते ऐक. दुकानाच्या भिंतीवर फार्मासिस्ट म्हणून माझं प्रमाणपत्र टांगलेलं आहे, आणि सहा वर्षांत सहा दिवसही मी तिथे उभी राहिले नाही. तुझ्याइतकीच मला माझीही शिसारी येते. आज औषध निरीक्षकांना मी लेखी जबाब दिला. औषध तू बनवलंस, नाव माझं होतं, म्हातारीचा काडीचा दोष नाही. उद्या ते दुकानात येतील. तेव्हा तरी दुसऱ्या कुणावर ढकलू नकोस.

तुझीच, कारण रक्त बदलता येत नाही,
रोहिणीताई