जाऊबाईंचा अभ्यासक्रम

आदरणीय जाऊबाई,

वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच). तुम्ही बऱ्या असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय मीच सहा वर्षांपूर्वी घालवून बसले. भाऊजींचा खोकला कमी आहे हे इकडे कळतं. दोघे भाऊ दर रविवारी फोनवर अर्धा तास बोलतात आणि फोन ठेवल्यावर मी विचारलं की खोकल्यापलीकडची काहीही बातमी निघत नाही. आम्ही दोघं ठीक. लेक नोकरीसाठी लांब असते, आणि तिनेच मला या भानगडीत ढकललं.

झालं असं की, मागे ती आठ दिवस राहायला आली आणि तिने घराची झडती घेतली. दोन खोल्या, त्यात पाच छत्र्या, तीन इस्त्र्या आणि सात टेबलक्लॉथ (टेबल एकही नाही). जाताना ती वाचनालयात माझं नाव घालून गेली. तिथल्या सभागृहात चार शनिवार वर्ग होता, ‘थोडक्यात घर’ नावाचा. कमी वस्तूंत, कमी कचऱ्यात, कमी पाण्यात कसं राहायचं ते शिकवणार. शिकवणारी बाई तिशीची, काडीसारखी, आणि आवाज असा मऊ की मागच्या रांगेला नुसता भावार्थ पोचायचा. पहिल्याच शनिवारी तिने सांगितलं, भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर पेन थांबलं, कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तुमच्या आवाजात, आणि चांगलं खणखणीत.

तरी जिद्दीने घरी प्रयोग सुरू केले. आंघोळीचं पाणी साठवायला न्हाणीघरात टब ठेवला. तुमच्या धाकट्या दिरांनी नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण स्वतःच्या न्हाणीघरात टब कुठवर आलाय हे त्यांना मोजता आलं नाही. सकाळी बूट घालून बँकेत निघालेले, कंगवा घ्यायला म्हणून आत गेले, आणि डावा पाय घोट्यापर्यंत साबणाच्या पाण्यात. दोन्ही बूट काढून खिडकीत ठेवले आणि दिवसभर अनवाणी, मला दिसेल असे फिरत राहिले. मग मी गॅलरीत खताची बादली मांडली. बादलीला खालून भोकं पाडायची असतात ती मी मन लावून पाडली, पण तिच्याखाली ताटली ठेवायची असते ते वाक्य मागच्या रांगेपर्यंत आलं नव्हतं. आमच्या खाली दातांचे डॉक्टर राहतात. त्यांचा पांढरा कोट दोरीवर होता. ते कोट घेऊन वर आले, आणि ‘थोडंसं दुखेल हं’ म्हणतात त्याच सुरात त्यांनी विचारलं की पाठीवर हे जे काय आहे ते नेमकं काय आहे. मी खरं ते सांगितलं: चहाचा चोथा आणि बटाट्याची सालं. कोट तीनदा हाताने धुऊन दिला. धुताना मनात येत होतं, जाऊबाई असत्या तर हा डाग त्यांनी कशाने काढला असता? मग आठवलं की जाऊबाई असत्या तर ताटलीही असती.

खरी गंमत तिसऱ्या शनिवारी झाली (गंमत म्हणायची म्हणून म्हणते). त्या दिवशी वस्तू पुन्हा वापरण्याचा धडा होता. बाईंनी रिकाम्या बाटल्या मांडल्या, आलेले लिफाफे उलटे करून परत चिकटवून दाखवले, पुड्याचा दोरा बोटांवर गुंडाळला, आणि जुन्या शर्टाची बटणं कापून एका डबीत टाकली. समोरच्या रांगेतल्या बायका ‘किती छान’ म्हणत होत्या. माझ्या तोंडून एकदम, सभागृहाला ऐकू जाईल असं निघालं, “माझी मोठी जाऊ हे सगळं तीस वर्षं करत होती, आणि आम्ही तिला चिकट म्हणायचो.”

कुणी हसलं नाही. बाईंनी मला विचारलं, “त्या असतात कुठे?”

मी म्हटलं, “जरा लांब.”

जाऊबाई, आमच्या दारातून तुमच्या दारापर्यंत बसचे अकरा थांबे आहेत.

आपण इथे एकत्र राहत असताना तुम्ही जपून भरलेला तो माळा मी का आवरला, याचं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. तुम्ही बहिणीकडे पंधरा दिवस गेला होता, आणि मला तुम्ही परत यायच्या आत घर माझ्या मनासारखं करून दाखवायचं होतं. बाटल्या गेल्या, दोरे गेले, लिफाफे गेले आणि बटणांचा निळा डबाही भंगारवाल्याच्या पोत्यात गेला. आल्यावर तुम्ही भांडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त विचारलंत, “निळा डबा कुठे आहे?” मी म्हटलं, “कचरा होता, टाकला.” दोन महिन्यांत भाऊजींनी वेगळी जागा बघितली. मुलं मोठी झाली, जागा पुरत नाही, असं सगळ्यांना सांगितलं गेलं, आणि सगळ्यांत मोठ्याने ते मीच सांगितलं. पण छापखान्यातल्या नोकरीच्या मुलाखतीला निघताना माझं गळ्याचं बटण तुटलं होतं, ते तुम्ही त्याच डब्यातून जोडीचं शोधून, मला दारात उभी ठेवून, शिवून दिलं होतंत. शिवताना टेकलेला तुमचा तो अंगठा अजून इथे गळ्यापाशी लागतो. बावीस वर्षं मी मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. स्वतःची एक चूक दिसायला सहा वर्षं आणि तीन शनिवार लागले.

चौथ्या शनिवारी मी वर्गाला गेलेच नाही. बसने तुमच्या रस्त्यावर आले. तुम्ही गॅलरीत होता, तांब्याने झाडांना पाणी घालत होता, आणि एकाच कुंडीत दोनदा घातलंत. मी समोर उभ्या असलेल्या टेम्पोच्या आड गेले (या वयात). टेम्पोवाल्याने विचारलं, काही सामान हलवायचं आहे का. नाही म्हटलं आणि परतीची बस धरली.

आमच्या घरी आता एकच छत्री आहे, इस्त्री एक, टेबलक्लॉथ शून्य. स्वयंपाकघरात दोन बायका एकमेकींना धक्का न लागता उभी राहतील एवढी जागा झाली आहे. तुमच्या दिरांनी टेप लावून मोजलं. मी एकटीच उभी असते.

भाऊजींना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. बादलीत चिलटं फार झाली आहेत. उपाय असल्यास कळवावा. मुख्यतः त्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. हे म्हणतात, फोन का करत नाहीस. फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणाल आणि ठेवून द्याल. मला ते ‘बरं’ पाठ आहे.

ता. क. तिसरा. गेल्या रविवारी फोनवर खोकल्याची बातमी संपल्यावर भाऊजींच्या तोंडून निघून गेलं की गुरुवारी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि तुम्ही कुणालाही सांगायचं नाही म्हणून बजावलं आहे. भाऊजींना जिने चढवत नाहीत. मी गुरुवारी आठ वाजता तुमच्या फाटकाशी उभी असेन. नको म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा. अक्षर मुद्दाम एवढं मोठं काढलं आहे की तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये. त्यापायी चौदा कागद गेले. उधळपट्टी म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडाल. ओरडा. सहा वर्षांत कुणी ओरडलेलं नाही.