पाच अक्षरांची मोकळी जागा

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.
लिहून ठेवलेलं बरं. पुढं कुणी विचारलं, कसं जमलं हो तुमचं, तर तारखेनिशी सांगता येईल.

आज दुपारी राजनंदिनी माझ्या टेबलापाशी आली. आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ती गेल्या वर्षी लागली. फलटणची. नमुने मी तपासतो, रिपोर्ट ती टाइप करते. अर्धं काम माझं, अर्धं तिचं. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

म्हणाली, राजदादा, तुम्ही कविता करता ना, मला एक उखाणा करून द्या. ज्यांचं नाव घ्यायचंय ते पाच अक्षरी आहे, तेवढी जागा मोकळी सोडा. मी नाव विचारलं तर लाजली. म्हणाली, कळेलच चौदा तारखेला. चौदाला ती सगळ्या स्टाफला सांगलीतल्या नव्या थाई हॉटेलात सेट लंच देणार आहे. काहीतरी सांगायचंय म्हणे.

ती गेल्यावर माझं नाव बोटांवर मोजलं. रा, ज, व, र्ध, न. पाच. पुन्हा मोजलं. पाचच.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
घाईनं निष्कर्ष काढायचा नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. म्हणून ऑफिसातले सगळे पुरुष तपासले. धुळा ड्रायव्हर: दोन अक्षरं. स्टोअरचे लालासाहेब: पाच! उठून पंख्याखाली जाऊन बसलो. मग आठवलं, ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, मिलिटरीतून रिटायर, दोन नातवंडं. रद्द. उरलो मी.

दादा म्हणते त्याचं काही नाही. आपल्याकडं एस.टी.च्या कंडक्टरलाही दादाच म्हणतात.

आणि एक. राजनंदिनी. हीसुद्धा पाच अक्षरं. त्यातली पहिली दोन आमची कॉमन. पत्रिका बघायची गरजच काय?

५ नोव्हेंबर, बुधवार.
पुरावा क्रमांक दोन: ठेचा. आईच्या हातचा ठेचा ती रोज माझ्या डब्यातून मागून घेते. दोन महिने झाले, वेगळ्या स्टीलच्या डबीत घरीही नेते. डबीवर आईचं नाव कोरलेलं आहे, सौ. हरणाबाई, कडेगाव. म्हणजे सासूचं भांडं आत्ताच तिच्या घरात पोचलंय.

आज आई म्हणाली, आरं, येवढा ठेचा त्या पोरीला पचतोय तरी कसा? म्हटलं, आवड असते एकेकाची. आई खूश. उद्यापासून लसूण जास्त घालणार आहे.

संकल्प: चौदा तारखेपर्यंत भात बंद. वजन ८१ आहे, ७६ करायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
भात चालू. थाई जेवणात भातच असतो, एकदम खाल्ला तर बाधेल. सवय ठेवलेली बरी.

थाई लोक काड्यांनी जेवतात. प्रॅक्टिस सुरू केली. लॅबमधल्या दोन काचेच्या कांड्या घेतल्या, जेवणाच्या सुट्टीत शेंगदाणे उचलले. अर्ध्या तासात तीन. एक शेंगदाणा पल्लवी मॅडमच्या चहात पडला. त्या आमच्या इनचार्ज. मॅडम म्हणाल्या, राजवर्धन, हे काय चाललंय? म्हटलं, मॅडम, हाताची स्थिरता वाढवतोय. एक कांडी फुटली. नमुन्यात खडा होता असं रजिस्टरला लिहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार.
औंधला यमाईच्या दर्शनाला जाऊन आलो. पायऱ्यांवर बसलो आणि उखाणा आपोआप आला:

काळ्या रानात पेरली ओळख, उगवली हळूहळू,
............रावांचं नाव घेते, आता नका मला छळू.

मोकळ्या जागेत मनात स्वतःचं नाव टाकून म्हणून बघितलं. अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, बाळा, बरं हाय न्हवं?

येताना कडेगावला चुलत्यांकडं थांबलो. घराला रंग काढून घ्या म्हणालो. त्यांनी विचारलं, का रं? म्हटलं, घ्या काढून.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
उखाणा दिला. तिनं दोनदा वाचला. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, दादा, तुम्हाला कसं कळलं? अगदी असंच झालं हो, हळूहळू. मी नुसता हसलो. मलाच नाही कळणार तर कुणाला कळणार?

लालासाहेबांनी स्टोअरमध्ये बोलावून घेतलं. म्हणाले, गड्या, त्या पोरीच्या मनात कोण हाय ते इचारलंयस का एकदा तरी? म्हटलं, साहेब, काही गोष्टी विचारायच्या नसतात, तुमच्या मिलिटरीत असतं तसं. ते म्हणाले, मिलिटरीत तर पयलं इचारत्यात, मग पाऊल टाकत्यात. जुनी माणसं. प्रेमातलं त्यांना काय कळणार!

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
आकाशी शर्ट इस्त्री करून आणला. माझाही उखाणा तयार आहे, चिठ्ठीवर लिहून वरच्या खिशात ठेवलाय. तिनं नाव घेतल्यावर सगळे आग्रह करणारच, तेव्हा तयारी नाही असं व्हायला नको. काचेच्या कांड्याही रुमालात गुंडाळल्या. हॉटेलातल्या काड्या कशा असतील सांगता येत नाही.

वजन ८२. कपड्यांसकट.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १२.
निघतोय. ठेच्याची डबी आज मागितली नाही तिनं. बरोबर आहे, आज तिचं लक्ष कशात लागणार?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.
क्रमानं लिहितो.

तिच्या शेजारची खुर्ची मला मिळाली. पलीकडची खुर्ची तिनं रिकामी ठेवली होती. मला वाटलं, पर्ससाठी.

सेट लंच म्हणजे एका ट्रेमध्ये सगळं. सूप, कच्च्या पपईची कोशिंबीर, नारळाच्या दुधातली हिरवी करी, भात, आंब्याचा गोड भात. मी कांड्या बाहेर काढल्या. वेटर अदबीनं म्हणाला, सर, थाई लोक काटा-चमच्यानंच खातात. धुळा इतका हसला की त्याला ठसका लागला. आठवडाभराची प्रॅक्टिस वाया. सुपात गवती चहाचे तुकडे होते, ते सगळे चावून संपवले. मग कळलं, ते नुसते वासाला असतात. पल्लवी मॅडमनी त्यांच्या वाटीच्या कडेला नीट काढून ठेवले होते.

बाजूला छोट्या हिरव्या मिरच्यांची चटणी होती. राजनंदिनी म्हणाली, दादा, जपून, लय तिखट आहे. म्हटलं, आम्ही कडेगावची माणसं. तिच्याकडं बघत तीन मिरच्या अख्ख्या खाल्ल्या.

त्यानंतर थोडा वेळ काही दिसत नव्हतं. कानातून वाफा. लालासाहेब पाठीवर थापा मारत होते. किचनमधून ॲप्रन घातलेला एक माणूस पळत आला, म्हणाला, पाणी नका पिऊ, वाढेल, हे घ्या. दही. थाई हॉटेलात दही कुठलं? स्वतःच्या डब्यातलं आणलं होतं बिचाऱ्यानं. चमच्यानं भरवायला लागला. मी राजनंदिनीला म्हणालोसुद्धा, माणूस फार चांगला आहे हा.

दही संपलं तेव्हा डबीवर नजर गेली. सौ. हरणाबाई, कडेगाव.

म्हटलं, चुकून आली असेल. भांडी बदलतात. आमच्याकडंही कुणाकुणाच्या वाट्या आहेत.

तो माणूस रिकाम्या खुर्चीवर बसला. राजनंदिनी उभी राहिली. पदर नव्हता, ओढणीच डोक्यावर घेतली.

काळ्या रानात पेरली ओळख, उगवली हळूहळू,
वीरधवलरावांचं नाव घेते, आता नका मला छळू.

वी, र, ध, व, ल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. राजनंदिनी म्हणाली, बघा, अजून उतरली नाही दादांची मिरची. वीरधवल म्हणाला, दादा, तुमच्या आईंचा ठेचा रोज मीच खातो, सात वर्षं जहाजावर परदेशी जेवण रांधलं पण घरची चव त्यात सापडली. त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि वाकून माझ्याही पाया पडला. मोठा भाऊ म्हणून.

कुणीतरी म्हणालं, आता राजवर्धननं काहीतरी म्हणावं. लालासाहेब पटकन म्हणाले, त्याचं तोंड भाजलंय, ऱ्हाऊ द्या.

चिठ्ठी खिशातच आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
रजा. पोट बिघडलं. काल डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीमुळं, याची नोंद असावी. थाई मिरची आपल्यापेक्षा कितीतरी पट तिखट असते, मोबाइलवर वाचलं.

उखाणा सगळ्यांना आवडला. त्या अर्थी मी यशस्वी झालो. नाव कुठलंही असो, बाकीची अक्षरं माझीच होती.

संकल्प: ठेचा बंद. आईला सांगायचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
आईला सांगितलं नाही. ती सकाळपासून मिरच्या भाजत होती. डबी घेऊन गेलो.

राजनंदिनीनं माझ्यासाठी आंब्याचा गोड भात आणला होता, वीरधवलनं मुद्दाम पाठवलेला. म्हणाली, दादा, अजून एक उखाणा द्याल का? गृहप्रवेशाला उंबऱ्यावर अडवतात तेव्हाचा. तुमच्यासारखा कुणालाच जमत नाही. म्हटलं, बघतो. वेळ मिळाला तर.

मिळणार नाही. सध्या रब्बीचे नमुने भरपूर आहेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
नमुने संपले.

चुलत्यांचा फोन आला. घर रंगवून झालं, बाहेरून आकाशी केलंय. आता तरी सांग की रं, कशापायी? म्हटलं, भिंतींना ओल धरली होती. ते म्हणाले, न्हाई बा, कुटं धरलीया? मी फोन ठेवला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
लालासाहेबांनी जेवताना त्यांची अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवली. मग म्हणाले, आमच्या युनिटमध्ये एक जण व्हता, दर आठवड्याला बायकोला पत्र लिवायचा. बायको नव्हतीच त्येला. मी विचारलं, मग पत्रं कुणाला जायची? म्हणाले, ते त्येला कुणी इचारलंच न्हाई.

तिला उखाणा देणार नाही म्हणजे नाही. हा शेवटचा निर्णय.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.
लिहिला.

माप ओलांडून आत येते, दारी लावा दिवा,
वीरधवलरावांच्या हातचा रोज घास हवा.

या वेळी जागा मोकळी सोडली नाही, नाव मीच घातलं. बोटांवर मोजलं, चपखल बसतं. माझ्या नावानं एवढं चांगलं बसलं नसतं, हेही बघितलं. खिशातली जुनी चिठ्ठी फाडली.

आज मिरची खाल्ली नाही, नुसता दहीभात. तरी सकाळपासून डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. मला ती फार आवडत होती. एकदा विचारायला हवं होतं.

आईनं आत्ताच विचारलं, उद्या डबीत ठेचा किती घालू रं? म्हटलं, नेहमीएवढा घाल. त्याला आवडतो.