कुंडीला कोणीही पाणी घालू नये

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? माझं बरं आहे. दोन्ही वेळा जेवतो. (फोनवर तुम्ही हेच विचारता, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

पत्र लिहिण्याचं कारण, मी जिंकलो. हिने गच्चीत लावलेलं ते करडं झुडूप जगलं, आणि त्याचं नावही मी शोधून काढलं. हिला विचारायचं राहूनच गेलं होतं. ही गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण दोन वाक्यं बोलायचा आणि काहीतरी करायला हवं म्हणून उठून त्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतायचा. मुलगी घालायची, मीही घालायचो. पानं गळू लागली तेव्हा सगळे म्हणाले, तिच्यासाठी झुरतंय. आणि आणखी पाणी घातलं. शेवटी माती उकरली, तर खाली नुसता चिखल. मग मी ओरडलो, "खबरदार कोणी पाणी घालाल तर!" (मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला एवढा आवाज आहे?") वाळू आणि खडी भरून कुंडी तापलेल्या पत्र्याशेजारी ठेवली. महिनाभराने पालवी फुटली.

मग नावाची लढाई. खालचे मास्तर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. "मेंदी आहे हो," म्हणून मोकळे झाले. मी पान चुरगाळून त्यांच्या तळहातावर ठेवलं, रंग नाही. मग म्हणाले ऑलिव्ह. मी वाद घालत नाही, तुम्ही जाणताच. रोज एक डहाळी घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचो, इतकंच. फुलं आली तेव्हा उलगडा झाला. जाड पानं जोडीजोडीने उभी, फुलाला पाकळ्याच नाहीत. वाचनालयातल्या चित्राशी ताडून पाहिलं: होहोबा! (तेलाच्या बाटलीवर 'जोजोबा' लिहितात, तेच.) वाळवंटातलं झुडूप. मास्तरांनी चष्मा पुसला, फूल पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला शंका होतीच."

तुमचा,
मेव्हणा

ता. क. यात नर-मादी झाडं वेगळी असतात. आपलं मादी निघालं. हिने त्याच बियांतलं एक रोप तुम्हाला दिलं होतं. त्याला पिवळे झुबके आले असतील तर तो नर. घेऊन या.

ता. क. २. परागकण वारा नेतो. शेजारी ठेवलं की झालं. बिया पिकायला मात्र सहाएक महिने लागतात. तेव्हा राहायच्या तयारीनेच या.

ता. क. ३. रोप मेलं असेल तरी या. तेवढेच महिने राहा.